काच वाजता कामा नये

४ जानेवारी, रविवार

घरी पोहोचले. महिन्याची रजा मिळाली आहे. आईने दारातच बॅग घेतली. म्हणाली, "हात धू आणि आत जा. काही विचारत बसू नकोस, नुसती बस."

बाबा खिडकीजवळच्या खुर्चीत होते. पाठीला दोन उशा, कमरेखाली एक. मनगटावरचं घड्याळ आता कोपरापर्यंत सरकतं.

"आली का फुटपट्टी?"

हे माझं घरातलं नाव. लहानपणी ते काच कापायचे तेव्हा काच चिरणाऱ्या हिरकणीच्या कडेला पट्टी धरून ठेवायचं काम माझ्याकडे असे, आणि ती मी केसभरही हलू देत नसे.

आजार मणक्यात आणि कमरेच्या हाडांत उतरला आहे. दर मंगळवारी मोठ्या इस्पितळात जाऊन शिरेतून औषध घ्यायचं असतं. पहिल्या मंगळवारी बाबा गेले. त्यानंतर एकदाही नाही. कारण एकच देतात: पिकअप हादरते.

"जन्मभर काच वाहिली त्या गाडीतून, एक तुकडा उडाला नाही. आता तिच्यात माणूस बसू शकत नाही. आधी गाडी नीट करा, मग येतो."

दुसऱ्या कुणाची गाडी नको. रुग्णवाहिका म्हटल्यावर म्हणाले, "आडवा होऊन या घरातून मी एकदाच निघणार आहे." आईने हातातलं पातेलं ओट्यावर आपटलं.

मला कारण पटलं. कंपन हेच माझं काम आहे. बसगाड्यांच्या बैठकांवर संवेदक लावून प्रवाशाच्या अंगात किती हादरा शिरतो ते मी मोजते. घरातला दोष माझ्या विषयातला निघाला याचं मला बरं वाटलं. ही वही माझीच आहे, तेव्हा हे लिहायला हरकत नाही.

५ जानेवारी

पिकअप तपासली. दादाने गेल्या वर्षी ती जमिनीपासून उंच उचलून घेतली आहे. मागे स्प्रिंगचे पाटे आणि चाकांचा धुरा यांच्यामध्ये लोखंडी ठोकळे घातले, पाट्यांच्या जुडग्यात एक जाड पाटा वाढवला, पुढची बाजू त्याच मानाने वर घेतली, मोठे टायर चढवले. बाबांना चढण्यासाठी काचेचा रिकामा लाकडी खोका पायरी म्हणून ठेवावा लागतो.

त्यामागे कारण होतं. खिडक्या तयार मिळू लागल्यावर काचेचं काम आटलं. दादा डोंगरावरच्या नव्या घरांना वाळू-सिमेंट पोचवायला लागला, आणि त्या रस्त्यावर गाडीचं पोट दगडांना घासायचं. बाबांना हे मान्य नव्हतं. तेव्हापासून दादा समोरून गेला की ते एवढंच म्हणतात, "उंटावरचा शहाणा." दुसरं बोलणं नाही.

दादासोबत फेरी मारली. दोष दोन आहेत आणि ते वेगळे आहेत. पहिला: वेग कमी असताना प्रत्येक खड्ड्यावर दणका. दुसरा: पन्नासच्या पुढे तळातून येणारी थरथर. गिअर काढून गाडी नुसती धावू दिली तरी थरथर राहिली. म्हणजे इंजिन नाही, त्यामागचं काहीतरी.

"माझ्यामुळे झालं ना हे?" दादाने विचारलं.

"ठोकळ्यांमुळे आणि जास्तीच्या पाट्यामुळे."

"ते मीच घातले."

"हो."



७ जानेवारी

काल मंगळवार होता. गेलो नाही.

आज दणक्याचं काम. टायरमध्ये भरल्या गाडीसाठी असते तेवढी हवा होती. रिकाम्या गाडीला ती दगडासारखी लागते. उतरवली. मागचे शॉकअब्जॉर्बर जुन्याच लांबीचे होते. गाडी वर गेल्यावर ते कायम ताणलेल्या अवस्थेत, म्हणजे चाक खड्ड्यात उतरलं की यांना आणखी लांबायला जागाच नाही. लांब मापाचे आणले. जाड पाटा काढायला सांगितलं तेव्हा दादा थांबला.

"तो काढला तर वाळू कशी न्यायची?"

"बाबा वाळू नाहीत."

हे मी ज्या स्वरात म्हटलं तो बरोबर नव्हता. पाटा त्याने स्वतःच काढला. यू-बोल्ट गंजलेले होते, पाना घसरून त्याची बोटं सोलली. आई हळद घेऊन आली आणि दोघांकडे बघून म्हणाली, "एक बोलून मोडते, एक न बोलून. कुणावर गेलात रे?"

आतून बाबांचा आवाज आला, "तुझ्यावर."

बऱ्याच दिवसांनी कुणीतरी हसलं. दणका जवळजवळ गेला आहे.

९ जानेवारी

थरथरीचं मूळ सापडलं. गाडी उचलली की इंजिनाकडून मागच्या चाकांना फिरवणारा लांब दांडा जास्त तिरका होतो. त्याचं वरचं टोक आणि खालचं टोक एका कोनात नसली तर दांडा प्रत्येक फेरीला झटका देतो. कोन मोजले, फरक डोळ्यांनाही दिसावा एवढा होता. ठोकळ्यांखाली लोखंडाच्या निमुळत्या पाचरी बसवून मागचा कोन जुळवला.

"पाचर मारण्यात तू पहिल्यापासून पटाईत," दादा गाडीखालून म्हणाला. मला राग आला नाही.

चाकांचा तोलही करून घेतला. मागचं डावं चाक सगळ्यात बिघडलेलं. दुकानदाराने त्याच्या कडेला शिशाचं भलंमोठं वजन ठोकलं आणि म्हणाला, "ताई, आता पेला ठेवा हवं तर टपावर."

बाबांना सांगितलं, गाडी झाली. त्यांनी मान हलवली.

"कशावरून?"

मी आकडे दाखवले.

"आकडे तुझ्या साहेबाला दाखव. काच ठेव घोडीवर. बिनकापडाची, बिनदोरीची. बाजारापर्यंत जाऊन ये. काच वाजता कामा नये. न वाजता आली, तर मंगळवारी येतो. शब्द आहे."

घोडी म्हणजे पिकअपच्या मागच्या हौद्यातली ती तिरकी लाकडी चौकट, जिला टेकवून काचा उभ्या नेतात. काचेखाली नेहमी जाड कापड असतं आणि वरून दोरी. कापडाविना, दोरीविना काच नेणं हे त्यांनी स्वतः कधी केलेलं नाही. दादा म्हणाला, "बाबा, हे तर नव्या गाडीलाही जमायचं नाही." बाबा म्हणाले, "मग नाही जमलं म्हणायचं."

११ जानेवारी

जमलं.

मी चालवत होते. दादा मागे हौद्यात काचेशेजारी उकिडवा बसला होता, हात न लावता. बाजाराच्या कोपऱ्यावर रस्ता उखडलेला आहे, तिथे मी श्वास रोखला होता असं दादा म्हणतो; तो मागे होता, त्याला कसं कळलं माहीत नाही. काच परत आली ती जशी ठेवली तशी.

बाबांना खुर्चीसकट दारात आणलं होतं. त्यांनी काचेच्या कडेवरून अंगठा फिरवला. बराच वेळ फिरवत होते.

"वाजली नाही?" त्यांनी दादाला विचारलं. वर्षभरात त्याला विचारलेला हा पहिला प्रश्न असावा.

दादाने माझ्याकडे पाहिलं. मग खाली पाहून म्हणाला, "नाही वाजली."

"मग झालं. शब्द दिलाय." थोड्या वेळाने म्हणाले, "हुशार आहेस गं, फुटपट्टी."

मला वाटलं होतं त्यांना आनंद होईल. कदाचित दमले होते. आई आत निघून गेली आणि चहा ठेवायला विसरली. तिचं असं होत नाही.

१३ जानेवारी, मंगळवार

इस्पितळात जाऊन आलो. खोका, मग दादाचा खांदा, मग बैठक. प्रयोगशाळेतून आणलेली रबराची चकती मी त्यांच्याखाली ठेवली होती. तिच्यात संवेदक असतो, बसलेल्या माणसापर्यंत पोचणारं कंपन ती मोजते.

"अंडं उबवायला बसवलंस का मला?" बाबा म्हणाले.

वाटेत दोनदा विचारलं, कसं वाटतंय. दोन्ही वेळा म्हणाले, "मस्त. लोण्यासारखी." वरचं हँडल त्यांनी धरून ठेवलं होतं, जुनी सवय असावी. थंडी वाजते म्हणून काचा बंद करायला सांगितल्या आणि तरी सदरा पाठीवर घामाने ओला झाला. परत आल्यावर आईने त्यांच्या मुठीतला रुमाल काढून घेतला. त्याच्या एका कोपऱ्यात दातांच्या खुणा होत्या. आईने तो लगेच पाण्यात टाकला.

नोंद पाहिली. रस्त्यावरचे आकडे उत्तम आहेत; बसमध्येही मी याहून चांगले फारसे पाहिलेले नाहीत. फक्त एक गोष्ट जुळत नाही. सिग्नलला गाडी उभी असताना रेघ सपाट यायला हवी, तिथे बारीक कंपन आहे. सेकंदाला आठ-नऊ वेळा. इंजिनाचं कंपन याहून बरंच जलद असतं, चाकं तर फिरतच नव्हती. बहुधा चकतीची वायर सैल असावी.

१५ जानेवारी

वायर बदलली. चकतीवर आईला बसवलं: सपाट. दादाला: सपाट. बाबांना घरच्या खुर्चीत, गोळी घेतल्यानंतर: सपाट. म्हणजे चकती ठीक आहे. मग सिग्नलला ते कंपन आलं कुठून?

मंगळवारपासून बाबांनी नीट खाल्लेलं नाही. औषधाने उलट्या होतात, ते अपेक्षितच आहे. रात्री आई त्यांच्या खोलीत जमिनीवर झोपते.

२० जानेवारी, मंगळवार

दुसरी फेरी. ते कंपन पुन्हा आहे आणि वाढलं आहे. जाताना जास्त, येताना त्याहून जास्त. इस्पितळाच्या आवारात मी मुद्दाम इंजिन बंद करून थोडा वेळ थांबले, तेव्हाही होतं. इंजिन बंद असलेल्या, उभ्या गाडीत कंपन कुठून येतं? यावर मी परतीच्या वाटेवर विचार करत होते. या वेळी बाबांचं ‘मस्त’ नाही. विनोदही नाही. हँडलवरची बोटं पांढरी झाली होती.

बाबा आत असताना डॉक्टरीणबाईंनी मला आणि दादाला बाहेर बोलावलं. सरळ बोलणारी बाई आहे, मला आवडली. म्हणाली, या औषधाने आजार जाणार नाही. काही आठवडे वाढतील कदाचित, तेही सांगता येत नाही. नाही घेतलं तर दुखण्यावरची औषधं घरीही देता येतात, परिचारिका येऊन जाते. मग तिने विचारलं, "त्यांची स्वतःची इच्छा आहे का यायची?"

मी म्हणाले, "गाडी आता नीट झाली आहे."

ती माझ्याकडे बघत राहिली. बहुधा तिला मागचा तपशील माहीत नव्हता. मी समजावून सांगणार होते, तेवढ्यात दादा उठून खिडकीपाशी गेला आणि पाठ करून उभा राहिला.

२३ जानेवारी

शेवटचा प्रयोग. बाबांच्या वजनाएवढी वाळू पोत्यात भरली, पोतं त्यांच्या जागी चकतीवर ठेवलं, पट्टा लावला. तोच रस्ता, तेच सिग्नल, तेच आवार. उभ्या गाडीत रेघ सपाट. पूर्ण सपाट.

म्हणजे गाडी नाही, चकती नाही, वायर नाही, रस्ता नाही. अंगणात बसून मी हे दादाला सांगत होते. तो पोतं उतरवून घेत होता. त्याने ते फार हळू उतरवलं, दोन्ही हातांनी, खोक्यावर पाय टेकत. वाळूचं पोतं कुणी असं उतरवत नाही.

"त्यांना यायचं नाहीये गं," तो म्हणाला.

"ते शब्द देऊन येतायत."

"तेच तर."

"तू त्या दिवशी काच वाजली असं खोटं का नाही सांगितलंस मग?" हे मी रागाने विचारलं.

"ओठांवर आलं होतं. पण तू एवढी खूश दिसत होतीस. आणि मला वाटलं, एवढं हिने केलंय तर होतीलही बरे." पोतं त्याने भिंतीला टेकवून ठेवलं. "शिवाय गाडी मीच बिघडवलेली. मी काय तोंडाने बोलू?"

नोंदीत लिहिलं: उरलेलं कंपन, कारण अज्ञात. लिहून झाल्यावर बराच वेळ पेन हातात होतं. मला त्या वाक्यातलं शेवटचं अर्धं खरं वाटत नव्हतं, पण दुसरं काही लिहायला हात चालला नाही.

२७ जानेवारी, मंगळवार

सगळं क्रमाने लिहिते.

सकाळी बाबांनी स्वतः सदरा मागितला. बटणं आईने लावली. अंगणात दादाने त्यांना खोक्यावर उभं केलं, मग बैठकीवर. मी चालकाच्या जागी बसून संगणक उघडला. किल्ली अजून माझ्या खिशात होती. गाडी थंड. अंगणात वाराही नव्हता. पडद्यावर रेघ थरथरत होती.

बाबांना पट्टा लावायला हात पुरत नव्हता, म्हणून मी वाकून तो त्यांच्यावरून ओढला. तेव्हा माझा तळवा त्यांच्या बरगड्यांवर टेकला. तळव्याखाली तेच होतं. मोजायची गरज नव्हती. मी तो आकडा दोन आठवडे ओळखत होते.

त्यांचे डोळे समोरच्या काचेवर होते. रुमाल मुठीत होता, आतापासूनच.

"चल," ते म्हणाले. "उशीर नको."

त्यांना नाही म्हणायचं होतं. आईला, दादाला, मला तोंडावर नाही म्हणणं त्यांना जमत नव्हतं, म्हणून त्यांनी गाडीला पुढे केलं होतं. ते कारण त्यांनी नीट विचार करून निवडलं असणार, कारण त्यात कुणाचं मन मोडत नव्हतं. दादाचं थोडं मोडत होतं, पण त्याला त्याची सवय होती. आणि मी ते कारण आठवड्याभरात दुरुस्त करून टाकलं. मग त्यांनी कधीच न जमण्यासारखी काचेची अट घातली. तीही मी पुरी करून दाखवली.

मी संगणक बंद केला.

"बाबा, गाडी अजून हादरते."

 दादा खोक्याशेजारी उभा होता. आई दारात.

"कुठे?" बाबांनी विचारलं. धंद्यातला माणूस विचारतो तसं.

"मागचं डावं चाक."

"परवा तर ठीक होतं."

"मला वाटलं होतं ठीक आहे. माझं मोजण्यात चुकलं."

आता त्यांनी मान वळवली आणि माझ्याकडे पाहिलं. असं त्यांनी लहानपणी पाहिलेलं मला आठवतं, पट्टी हलली असा संशय आला की. ती कधीच हललेली नसे.

"अशा गाडीतून नको जायला," मी म्हणाले. "आधी नीट करावी लागेल."

"किती दिवस लागतील?"

"सांगता येत नाही."

त्यांनी हँडल सोडलं. बोटं एकदम उघडली नाहीत, एकेक करून उघडली.

"सावकाश कर," म्हणाले. "घाईत काच जाते." मग दुसऱ्या बाजूला वळून म्हणाले, "ए शहाण्या, उतरव मला उंटावरून."

दादाने त्यांना उचलून घेतलं. खोक्यावर पाय टेकवलेच नाहीत, सरळ कडेवर घेतल्यासारखं आत नेलं. बाबांचा हात त्याच्या मानेभोवती होता. दाराशी दादा काहीतरी म्हणाला आणि बाबांनी त्याच्या डोक्यावर टपली मारली. आई बाजूला झाली, त्यांना वाट दिली, आणि मग पदराने खोका पुसत बसली. खोक्यावर काही नव्हतं.

डॉक्टरीणबाईंना फोन केला. म्हणाले, ते येणार नाहीत. तिने लगेच परिचारिका पाठवते म्हणून सांगितलं. परिचारिका संध्याकाळी आली. दुखण्याचं औषध देऊन, आईला शिकवून गेली.

दुपारी मी मागच्या डाव्या चाकाजवळ बसले आणि शिशाचं वजन पेचकसाने उचकटून काढलं. गाडी मोठ्या रस्त्यापर्यंत नेऊन पाहिली. पन्नासच्या पुढे तळ थरथरतो. चांगलाच थरथरतो. सकाळी बोलले ते वाक्य आता खरं आहे.

परत आले तेव्हा बाबा खिडकीशी होते. औषधाने डोळे जड झाले होते.

"काय म्हणते गाडी?"

"हादरते."

"बरं," म्हणाले आणि डोळे मिटले. त्यांचा हात खुर्चीच्या हातावर उघडा होता. मी माझा त्यावर ठेवला. काही मोजलं नाही. हात स्थिर होता.

२ फेब्रुवारी

रजा वाढवून मागितली. साहेबांनी कारण विचारलं. लिहून दिलं: वाहनदुरुस्ती चालू आहे.

सकाळी बाबांची खुर्ची अंगणात ठेवतो. दादा गाडीखाली असतो, मी चाकाशी. पाना हवा असला की बाबा नंबर न विचारता हातात देतात आणि तो नेहमी बरोबर असतो. आज त्यांनी पाने दोनदा खाली पाडले. दादाने ते उचलून परत त्यांच्या मांडीवर ठेवले आणि पुन्हा मागितले.

काम पुढे सरकत नाही. मी सरकू देत नाही.